दिवा खाली, पाणी वर

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. नाव ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांना मैदानावरची शर्यत आठवली असेल. पण मी जन्मात एक पाऊलही पळालेलो नाही. एका बाल्कनीच्या भिंतीवर, एकाच खिळ्याला लटकून, माझं सगळं आयुष्य गेलं.

दिसायला मी अगदीच साधा आहे. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी. एकेकाळी पांढरीशुभ्र होती, आता तिचा रंग जुन्या दातांसारखा झालाय. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं आहे आणि त्याच्यापुढे लोखंडाची एक छोटीशी जीभ. शिवाय मला एक कान आहे. कुणी दुसऱ्या खोलीत बसून रिमोटचं बटण दाबलं, की तो इशारा हवेतून माझ्या कानावर येतो. इशारा ओळखीचा असेल, तर वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, जीभ ओढली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. झालं, दोन सुट्या तारा एकमेकींना भेटल्या! त्या तारांच्या टोकाला जे असेल ते चालू होतं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ‘टक्’, की तारा सुटतात आणि काम थांबतं. भिंतीतल्या मोठ्या विजेच्या नादी मी लागत नाही. माझा संसार बारा व्होल्टचा, अडॅप्टरमधून गाळून आलेल्या गरीब विजेचा. छोटे दिवे, छोटे पंखे, पाण्याचे छोटे व्हॉल्व्ह, एवढीच माझी झेप.

आणि हो, मला बोलता येत नाही. ‘टक्’ हा माझा एकमेव शब्द. पुढची सगळी गोष्ट या एका अडचणीमुळे घडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझे पाय पट्टीला कथलाचा डाख देऊन चिकटवले, दुसरीने झाकण लावलं, तिसरीने कानाशी धरून माझी ‘टक्’ ऐकली आणि मान डोलावली. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. माझ्या शेजारी त्याच वेळी आणखी एक रिले तयार झाला. आम्ही जुळे. एकाच खोक्यात, एकाच कागदात गुंडाळलेले. दुकानातल्या कपाटात आम्ही कितीतरी दिवस अंधारात पडून होतो, पण सोबत होती म्हणून कंटाळा आला नाही.

मग एके दिवशी एका वायरमनने आम्हाला विकत घेतलं.

या वायरमनची ओळख करून द्यायलाच हवी. माणूस मनाने सोन्यासारखा, हाताने चलाख आणि तोंडाने अखंड चालू. त्याच्या जिभेला बंद करायचं बटण देवाने बसवलंच नव्हतं. काम करताना त्याचं निम्मं लक्ष कामात आणि निम्मं गप्पांत असे. तो आम्हाला एका दुमजली घरात घेऊन आला. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ एकटी राहायची. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली धाकटी जाऊ आणि तिचा नवरा. तो शहरातली बस चालवायचा आणि घरात आल्यावर कुठलंच वाहन आपल्या हातात नाही याची त्याला पूर्ण कल्पना होती.

थोरलीला झाडांचं वेड. बाल्कनीत कुंड्यांवर कुंड्या, मिरची, पुदिना, गुलाब, टोमॅटो आणि कठड्यावरून खाली लोंबणारे वेल. पण कंबर धरायला लागली होती, त्यामुळे पाण्याच्या बादल्या उचलवत नव्हत्या. धाकटी शिवणकाम करायची. पडदे, कोट, गणवेश, नाटकातले पोशाख, जे येईल ते. खालच्या खिडकीशी तिचं मशीन होतं आणि बारीक टाके घालताना डोळ्यांवर ताण यायचा. म्हणून दोघींनी मिळून ठरवलं होतं. वर पाण्याच्या नळीवर व्हॉल्व्ह बसवायचा, खाली मशीनवर छोटा दिवा, आणि दोन्हींना एकेक रिले. उठबस नको, रिमोट गळ्यात अडकवायचा आणि बसल्या जागी दाबायचा.

त्या काळी दोघींचं गूळपीठ असं होतं की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल घेऊन जिन्यात यायची.

“दोन्ही इथेच टेबलावर लावून बघा ना,” धाकटी वायरमनला म्हणाली. “कशाला वरखाली करता? चहा पण इथेच घ्या.”

“उत्तम! ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं,” वायरमन म्हणाला आणि त्याने आम्हा जुळ्यांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवून जोडलं.

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. आमच्या अंगावर एक बारीकसं बटण असतं, शिकवणीचं. ते दाबलं की आमचा कान उघडतो आणि त्यानंतर जो रिमोट दाबला जाईल, त्याचा इशारा आम्ही कायमचा लक्षात ठेवतो. एका वेळी एकालाच शिकवायचं असतं. पण वायरमन तेव्हा आपल्या मेव्हण्याच्या नव्या स्कूटरची गोष्ट सांगण्यात रंगला होता. त्याने भराभर दोघांचीही शिकवणीची बटणं दाबून टाकली आणि धाकटीचा रिमोट दाबला. माझ्या जुळ्याने तो इशारा लक्षात ठेवला. मीही ठेवला. मला काय ठाऊक, तो माझ्यासाठी नव्हता? मग थोरलीचा रिमोट आला. मला पुन्हा शिकवणीला बसवलं, तोही मी लक्षात ठेवला. माझ्या जुळ्याला एक मालकीण मिळाली आणि मला दोन.

धाकटीने बटण दाबून पाहिलं. टेबलावर दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझी ‘टक्’ कुणालाच ऐकू आली नाही.

माझी नेमणूक वरच्या बाल्कनीत झाली. ते दिवस मोठे सुखाचे होते. थोरली सकाळी आतल्या खुर्चीत बसून बटण दाबायची, मी ‘टक्’ म्हणायचो, व्हॉल्व्ह उघडायचा आणि नळीच्या भोकाभोकांतून कुंड्यांत पाणी ठिबकायला लागायचं. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’. मग थोरली बाहेर यायची, नळीला हात लावून बघायची आणि मला म्हणायची, “बंद केलं हं.” जसं घरातून निघताना म्हाताऱ्या माणसाला सांगून निघतात तसं. माझ्याशी बोलणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. शेजारपाजारच्या बायका मला बघायला यायच्या आणि थोरली कौतुकाने सांगायची, “हा माझा माळी. पगार मागत नाही की सुट्टी मागत नाही.” माझी डबी अभिमानाने फुगायची बाकी राहिली होती.

तेव्हा दिवस मोठे होते. धाकटीच्या खिडकीत उशिरापर्यंत उजेड असायचा. दिवा तिला लागायचाच नाही. कधी गंमत म्हणून पाच मिनिटं लावला असेल, तर झाडांना घोटभर पाणी जास्त मिळालं असेल. झाडं काही तक्रार करत नाहीत.

मग दिवस लहान झाले.

आता संध्याकाळी धाकटी मशीनवर बसली की पहिलं काम म्हणजे दिवा लावायची. खाली दिवा लागायचा आणि इथे वर मी ‘टक्’ म्हणून पाणी सोडायचो. मला वाटायचं, संध्याकाळचंही पाणी सुरू झालं वाटतं. हुकूम आला की पाळायचा, का म्हणून विचारायचं नाही, हा आमच्या जातीचा स्वभावच आहे.

पहिल्या दिवशी थोरलीने स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज ऐकला आणि धावत बाहेर आली. “अगं बाई! सकाळचं बंद करायचं राहिलं की काय?” तिने बटण दाबलं, पाणी थांबलं. ती आत गेली. आणि थोड्या वेळाने खाली धाकटीचं काम उरकलं, तिने दिवा बंद केला. तिच्या त्याच बटणाने मी पुन्हा ‘टक्’ म्हटलं. बंद होतो, तो चालू झालो. थोरली तोवर कडी लावून आत निजायच्या तयारीला लागली होती. सकाळपर्यंत बाल्कनीत तळं साचलं.

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा झालं. सकाळी खिडकीवर ओघळ दिसले की धाकटी खालून ओरडायची, “ताई, पाणी बघत जा हो!” थोरली कावरीबावरी व्हायला लागली. सकाळी पाणी बंद करून ती नळीवर हात ठेवून मोठ्याने म्हणायची, “बंद केलं. बघ हं, बंद केलंय मी.” आणि संध्याकाळी पाणी सुरूच! तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहायची आणि माझ्याकडे बघत राहायची. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तो राग नव्हता. ती घाबरली होती. तिची आई म्हातारपणी सगळं विसरत गेली होती. आधी किल्ल्या, मग चुलीवरचं दूध, मग माणसं. एकदा थोरली कुंडीतली माती उकरता उकरता पुटपुटली, “माझंही तसंच सुरू झालंय.” हे तिने फक्त मला सांगितलं. सबंध जगात मी एकटाच असा होतो, की ज्याला माहीत होतं, ही बाई काहीही विसरत नाहीये. तिने सांगितलेलं प्रत्येक ‘बंद’ मी माझ्या जिभेने पाळलं होतं. पण सांगणार कसं? ‘टक्’?

अशात एका गायिकेचा झगा धाकटीकडे शिवायला आला. मोतिया रंगाचं रेशीम, गळ्याला हाताने भरलेली नक्षी. धाकटीने त्यावर जीव ओतला होता. शेवटची काजं करून तिने झगा खिडकीतल्या दांडीला टांगला, दिवा बंद केला आणि जेवायला उठली. थोरलीने संध्याकाळी बंद केलेलं पाणी वर मी पुन्हा सोडलं. कुंड्या भरल्या, त्यांच्याखालच्या ताटल्या भरल्या, मातीचं तपकिरी पाणी बाल्कनीच्या कडेने वाहत गेलं आणि खिडकीच्या चौकटीतून थेट रेशमावर ओघळलं.

सकाळी धाकटीची किंकाळी वरपर्यंत आली. पाठोपाठ ती स्वतःच आली, हातात तो डागाळलेला झगा.

“किती वेळा सांगितलं तुम्हाला, ताई! आज संध्याकाळी ती बाई हा घालून स्टेजवर उभी राहणार होती. आता काय तोंड दाखवू मी तिला?”

“अगं, मी बंद केलं होतं,” थोरली म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच खरा वाटत नव्हता.

“मग काय मी येऊन सोडलं पाणी? कबूल तरी करा. पण नाही, वय झालं की माणसाला आपलं आपल्याला कळत नाही, हेच खरं!”

बाण बरोबर नको त्या जागी लागला. थोरली पाठ फिरवून कुंड्यांकडे वळली. धाकटीला वाटलं, हा ताठा आहे. ती पाय आपटत खाली गेली आणि त्या दिवसापासून जिन्यातलं दार बंद झालं. बसवाला दीर बिचारा दोन्हीकडून बोलणी खायचा. वर गेला की “वहिनी, मनावर घेऊ नका हो,” आणि खाली आला की “मी काही बोललोच नाही.”

थोरलीने त्यानंतर टाकीचा नळच हाताने पिळून बंद केला आणि मगाने पाणी घालायला लागली. धाकटी संध्याकाळी दिवा लावायची, मी ‘टक्’ म्हणायचो, पण नळीत पाणीच नसायचं. बाल्कनी कोरडी ठणठणीत. यातून थोरलीने काय अर्थ काढावा? तिला वाटलं, पाहा, नळ बंद केल्यापासून एकदाही पाणी वाहिलं नाही. म्हणजे चूक माझीच होती. तिने परगावच्या भावाला फोन केला. “येते मी तुझ्याकडे राहायला,” ती म्हणाली. “आज पाणी उघडं राहिलं, उद्या गॅस उघडा राहील. खाली लेकरासारखी माणसं राहतात माझी.”

खाली मात्र निरोप एवढाच गेला, की वहिनी भावाकडे चालल्या. धाकटी म्हणाली, “जाऊ देत.” आणि मग दिवसभर मशीनवर उलटेच टाके घालत बसली.

मित्रांनो, माझे ते दिवस फार वाईट गेले. कुंड्या एकेक करून शेजाऱ्यांकडे गेल्या. गुलाब गेला, पुदिना गेला. भिंतीवर ओलाव्याचे गोल डाग तेवढे उरले. कोळ्याने माझ्या अंगावर जाळं विणलं. कुणी “बंद केलं हं” म्हणेना. काम नसल्याचं दुःख एकवेळ सोसतं, पण आपल्यामुळे एक चांगलं माणूस स्वतःवरचा विश्वास गमावतंय आणि आपण मूग गिळून बसलोय, हे नाही सोसवत.

निघायच्या आदल्या दिवशी थोरलीने वायरमनला बोलावलं. मला आणि व्हॉल्व्हला काढून न्यायला. वायरमन सकाळी येतो म्हणाला होता, म्हणजे अर्थातच तो दिवे लागायच्या वेळेला उगवला. मेव्हण्याच्या स्कूटरला आता अपघात झाला होता, त्याची गोष्ट सांगत सांगत त्याने मला खिळ्यावरून उतरवलं आणि तळहातावर घेतलं. अडॅप्टर अजून काढायचा होता.

आणि मी म्हणालो, “टक्.”

वायरमनची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबली. मी चालू झालो की माझ्या अंगावर लागतो, तो लाल ठिपका पेटला होता.

“काकू, बटण दाबलंत का?”

“मी कशाला दाबू? रिमोट त्या खोक्यात बांधलाय, वर दोरी पण आवळली.”

“मग हा आपला आपण कसा लागला? माल खराब निघालेला दिसतो. हल्लीचा माल म्हणजे...”

“थांबा,” थोरली म्हणाली.

ती कठड्याशी उभी होती आणि खाली अंगणात बघत होती. तिथे, फरशीवर, धाकटीच्या खिडकीतून आलेला उजेडाचा चौकोन नुकताच पडला होता. थोरलीने त्या चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.  मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने खाली हाक मारली.

“अगं ए! जरा तुझा दिवा बंद कर बरं.”

 रुसलेल्या माणसाला हाकेला लगेच ओ देता येत नाही. मग चौकोन विझला.

“टक्,” मी म्हणालो. लाल ठिपका विझला.

“आता लाव.”

“टक्.”

“परत बंद कर!”

“टक्.”

आयुष्यभर मी पुष्कळ वेळा टक् टक् केलं आहे, पण त्या संध्याकाळी जीव तोडून केलं, तसं कधीच नाही.

धाकटी धाडधाड जिना चढून वर आली. मागे तिचा नवरा, नेहमीप्रमाणे एक पायरी अंतर राखून. वायरमनने कपाळाला हात लावला. “त्या दिवशी टेबलावर... दोघांना एकदमच शिकवलं मी! तुमचं बटण यानेही धरून ठेवलंय, ताई. तुम्ही खाली दिवा लावलात की वर पाणी सुटणारच.”

धाकटी कधी माझ्याकडे, कधी गळ्यातल्या रिमोटकडे बघत राहिली. “म्हणजे तो झगा... मीच भिजवला? माझ्याच हाताने?”

“मी काही बोललो नाही,” नवरा जिन्यातून म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, आता थोरली सुनावणार. तिचा हक्कच होता. पण ती बांधलेल्या खोक्यावर मटकन बसली. आधी हसली, मग तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखी रडायला लागली.

“म्हणजे मी विसरत नव्हते!” ती म्हणाली. “अगं, मी विसरत नव्हते! मी बंद करत होते. रोज बंद करत होते!”

तेव्हा कुठे धाकटीला कळलं, की ही बाई रागावून नव्हती चालली. तिने थोरलीच्या पायाशी बसकण मारली. “ताई, तुम्ही एवढी भीती एकट्या घेऊन बसलात? आणि मी मेली तुमच्या वयावर गेले. मला एकदा बोलायचं तरी होतंत.”

“काय बोलू? माझं डोकं कामातून चाललंय, असं तोंडाने म्हणवतं का कुणाला?”

बोलता बोलता थोरलीचं लक्ष धाकटीच्या हाताकडे गेलं. घाईत उठून आलेल्या धाकटीच्या हातात अर्धवट शिवलेलं काहीतरी तसंच राहिलं होतं, सुई लटकत होती. मोतिया रेशमाची छोटी उशी. त्या डागाळलेल्या झग्यातलाच चांगला राहिलेला भाग.

“प्रवासात मान अवघडते तुमची,” धाकटी खाली बघून पुटपुटली. “म्हणून.”

दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला, जेवला, आणि एकटाच परत गेला. शेजाऱ्यांकडून कुंड्या परत आणताना मात्र दोघींची त्रेधा उडाली, कारण पुदिना एव्हाना शेजारणीच्या पोटात गेला होता.

वायरमन म्हणाला, “याची आठवण पुसून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे.” त्यावर धाकटी म्हणाली, “नको. पाण्याला नवा बसवा, नव्या रिमोटसकट, आणि त्याला एकट्याला बसवून शिकवा. याला तसाच ठेवा आणि ताईंच्या बाल्कनीत एक छोटा दिवा द्या याच्या हाताखाली.”

तेव्हापासून मी दिवेवाला झालो. पाण्याचं खातं आता एका तरुण रिलेकडे आहे. तो जरा जास्तच ऐटीत असतो, पण काम चोख करतो. खाली धाकटी कामाला बसली की तिच्या एकाच बटणाने दोन दिवे लागतात, एक तिच्या सुईवर आणि एक थोरलीच्या गुलाबावर. वरचा दिवा लागला की थोरली ओळखते, बसली वाटतं मशीनवर, आणि चहाचं आधण ठेवते. जिन्यातलं दार पुन्हा कधी बंद झालेलं मी ऐकलं नाही.

आता मी थकलो आहे. ऐन उन्हाळ्यात डबी मऊ पडते, जीभ जड झाली आहे. एखाद दिवशी धाकटी बटण दाबेल आणि मी गप्प राहीन. त्याचं मला दुःख नाही. फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्यासारख्या मुक्यांना काही शिकवाल, तेव्हा एकेकाला, गप्पा थांबवून शिकवा. आणि घरातलं एखादं वयस्क माणूस “मी बंद केलं होतं” असं म्हणालं, तर हसू नका, रागावू नका. ते खरं बोलतंय असं धरून एकदा शोधून तरी बघा. भिंतीवरच्या एखाद्या डबीला उत्तर माहीत असतं, तिला फक्त कुणीतरी कान द्यायला हवा.

बघा, बोलता बोलता अंधारून आलं. खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

टक्.

आणि आत थोरलीने चहाचं भांडं गॅसवर ठेवलं.